जंतूभाऊंचे चौदा दिवस

जंतूभाऊ जंतूंनाही अहोजाहो करत. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली की एक डोळा मिटून म्हणायचे, "या, साहेब!" मुलचेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ते लॅब टेक्निशियन होते. खरं नाव हजेरीपटावर होतं, गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन हजार सालच्या आसपास मी तिथे नवीन डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा माझ्याशी कामाशिवाय चार शब्द बोलणारे ते एकटेच.

मार्कंड्याची जत्रा आटोपली की जुलाबाच्या पेशंटांची रांग लागे आणि प्रत्येकाला जंतू मारणारी रंगीत कॅप्सूल हवी असे. जंतूभाऊ लॅबच्या दारातून ओरडत, "अरे, पोटात चांगल्या जंतूंची बी वस्ती राह्यते. तिले काऊन उजाड करून राह्यले? मीठ-साखरेचं पानी प्या!" स्वतः रोज दुपारी डब्यातून आंबील आणत आणि खिडकीकडे तोंड करून पीत. एकदा मी खुर्ची ओढून शेजारी बसले, तर लाजून त्यांनी डबा अर्ध्यातच बंद केला.

पुढे कळलं, त्यांची बायको जठराच्या कॅन्सरने गेली होती. वर्षानुवर्षं तिचं पोट जळायचं आणि हे तिला सोडा देत राहिले. ती गेल्यावर नागपूरच्या एका प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं, की जठरात एक मळसूत्रासारखा जंतू घर करतो. सगळ्यांना नाही, पण काहींना त्यातून अल्सर होतो, पुढे कॅन्सरही. वेळीच चौदा दिवस औषधं घेतली तर धोका कमी होतो. "जिंदगीभर जंतूच पाहून राह्यलो, डॉक्टरबाई," ते म्हणाले, "अन् घरातला नाई दिसला मले."

पोट जळतं म्हणणाऱ्याच्या ते हात धुऊन मागे लागत. एका मासेमाराच्या बायकोनं पाचव्याच दिवशी उरलेल्या गोळ्या जावेला देऊन टाकल्या. तिचंही पोट दुखत होतं, मग एकटीनं कसं खायचं! कोर्स पुन्हा सुरू झाला आणि जंतूभाऊ रोज सायकलीनं तिच्या दारात हजर.

एके दिवशी जंतूभाऊच पोट दाबून बसलेले दिसले. मी जबरदस्तीनं त्यांना चंद्रपूरला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. अल्सर निघाला, आणि तोच जंतू. मी गोळ्या आणून दिल्या. आठवड्यानं पाहते तर पाकीट तसंच.

"लोकांसाठी सायकल दामटता, आणि स्वतः?" मी भडकले.

ते काचपट्टी पुसत राहिले. "बावीस वर्सं एका ताटात जेवलो आम्ही. हा तिच्याकडून मले आला असन, नाईतर माह्याकडून तिले गेला असन. तिचं माह्यापाशी आता येवढंच जित्तं आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी म्हटलं, "त्या असत्या तर गोळ्या कुटून तुमच्या तोंडात कोंबल्या असत्या." ते हसले नाहीत.

महिनाभरात माझी बदली झाली. एसटी स्टँडवर मला पोचवायला आले, तेव्हा मी गोळ्यांचं विचारलं. त्यांनी माझी बॅग टपावर नीट बांधली का ते पाहायला सुरुवात केली. मी वैतागूनच बसमध्ये चढले.

पावसाळा संपता संपता त्यांचं पोस्टकार्ड आलं.

"डॉक्टरबाई, चौदा दिवस पुरे केले. एक बी गोळी चुकवली नाई. जळजळ गेली. आता घरात मी एकटाच आहो."