बोल्टातून झिरपणारं पाणी

डिंभे धरणाच्या फुगवट्यात माझी जुनी शिडाची होडी गळत होती. तळाचा लोखंडी कणा धरून ठेवणारे बोल्ट झिजले होते, आणि त्यांना हात लावायला तालुक्यात एकच म्हातारा तयार झाला, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. तीनदा होडी काठावर ओढली, तीनदा त्याने बोल्ट बदलले. प्रत्येक वेळी पाण्यात सोडली की हा पान्याने टकटक करून कान लावायचा, ओला हात टोपीला पुसायचा आणि खुशीत मान हलवायचा. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"अहो, पाणी येतंय आणि हसताय काय?"

"येनारच की, पावणं. बरूबर खाली, बुडाल्या गावात, आमची हीर हाय. धरणाच्या आदी कदी आटली न्हाई ती."

मी चरफडत डबाभर पाणी उपसलं. बाहेर फेकणार, तेवढ्यात त्याने ओंजळ पुढे केली.