राणी रंगाचा फेसोबा

मंडळी, कळवण्यास अत्यंत दुःख होते की माझे तीन पांढरे बनियन आज सकाळी वॉशिंग मशीनमधून गुलाबी होऊन बाहेर आले.

आमच्या डिंडोलीच्या घरात असले उद्योग फेसोबा करतो. तो मशीनमागे राहतो, मोजे खातो, बटणं तोडतो. लेक लहान असताना मीच त्याला जन्माला घातला. तेव्हापासून घरात कुणाची चूकच होत नाही.

"रंगीत कपडा कोणी टाकला?" मी बायकोला विचारलं.

"फेसोबाने. आणि बनियनचं रडगाणं पुरे करा. शेजारच्या आक्कांचं मशीन बंद आहे म्हणून त्यांची पांढरी साडीही यातच टाकली होती. उद्या विहारात नेसायची आहे त्यांना."

मग मात्र माझं डोकं फिरलं. बायको आणि लेक, दोघींनाही निष्काळजीपणावर भाषण ऐकवलं. लेकीने तोवर मशीनमध्ये हात घालून राणी रंगाच्या कापडाचा चार बोटं रुंद तुकडा काढला.

"पप्पा, फेसोबा तुमच्या कारखान्यात कामाला आहे का?"

मी कारखान्यात साड्यांच्या रंगांच्या शेड जुळवतो. नमुन्याचे तुकडे खिशातच असतात. हा माझ्याच पँटमधला, कच्च्या रंगाचा.

तुमच्या घरी दोष घ्यायला कोण राहतं? खरं सांगा.

संध्याकाळी मार्केटमधून नवी पांढरी साडी घेऊन आक्कांकडे गेलो.

"फेसोबाने पाठवली का भाऊ?" त्या हसून म्हणाल्या.

"नाही आक्का, मी आणली. तुमची खराब केली तीही मीच."