उंचावरून ओतलेला चहा

२००५च्या सुमाराला कंपनीने मला पुण्याहून लंडनला पाठवलं होतं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी एजवेअर रोडवरच्या एका लेबनीज रेस्टॉरंटमध्ये फलाफल खायला जायचो. तिथला पन्नाशीचा वेटर पुदिन्याचा चहा ओतायला लागला की शेजारच्या टेबलांवरच्या गप्पा थांबायच्या. किटली डोक्याच्या वर, पेला कमरेपाशी, मधे बारीक धार. इंग्लिश गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची आणि काउंटरमागून मालक ऐटीत सांगायचा, "आमची लेबनीज पद्धत!"

"कसली लेबनीज? ही आमची, मोरोक्कोची," वेटर एकदा माझ्या कानाशी कुजबुजला.

"आमचंही तेच," मी म्हणालो. "इथल्या इंडियन रेस्टॉरंटमधली करी बांगलादेशी माणूस करतो."

तो खदखदून हसला आणि ट्रे ठेवून बोलायलाच लागला. मालकाचे वडील लेबनॉनमधल्या यादवी युद्धातून पळून आले, पण येताना धंद्याचं भांडवल घेऊन आले. ह्याचे वडील आले ते हॉटेलात भांडी घासायला. हे तो क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगत होता.

"मग तुम्ही स्वतःचं का नाही काढलंत?"

"काढलं होतं की, आमच्या वस्तीत! वर्षात बंद पडलं."

"एवढा भारी चहा असून?"

त्याने किटली पुन्हा उंच नेली.

"तिथे सगळे मोरोक्कन, माझ्यासारखेच दिवसभर हॉटेलांत राबणारे. असा चहा त्यांना घरी फुकट मिळतो. मित्रा, वर्षभरात एकानेही मान वर करून बघितलं नाही."