घोट्याचा पट्टा

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडूच. माझी नणंद तशी. तळ्याकाठी आमचं दुकान आहे. लोक तासाच्या भाड्याने लांब फळी नेतात आणि तिच्यावर उभं राहून वल्हवतात. त्यांना लाइफ जॅकेट चढवून पाण्यात सोडायचं काम बारा वर्षं नणंदेकडे होतं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ती जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायची. कानापर्यंत आलं की म्हणायची, "सैल आहे. पोट आत घ्या." जीन्सवाल्याला तर सरळ वाटेला लावायची. "ओली झाली की पाय उचलणार नाही. बदलून या." शिट्टी गळ्यात अडकवल्याशिवाय वल्हं देत नसे. माणसं चिडून निघून जायची आणि गल्ल्यावर बसून शिव्या मी खायचे. मला ती डोळ्यांसमोर नको होती, आणि हे मी नवऱ्याला रोज ऐकवायचे.

त्या दिवशी नवऱ्याला जाहिरातीसाठी फोटो हवे होते. जॅकेटात पोट सुटलेलं दिसतं म्हणून तो तसाच निघाला. नणंदेने वल्हं धरून ठेवलं.

"जॅकेट घाल."

"ताई, मालक कोण आहे इथं?"

"पाण्याला विचार."

गिऱ्हाइकं हसली. त्याचा पारा चढला. "उद्यापासून येऊ नकोस!" सगळ्यांदेखत सांगून त्याने वल्हं हिसकावलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग तो फोटोवाल्याशी बोलत फळीजवळ उभा राहिला. नणंद वाकली आणि फळीला बांधलेल्या दोरीचा पट्टा त्याच्या घोट्याला आवळू लागली. त्याने सवयीने पाय पुढे केला, खाली बघितलंही नाही. घरी त्याच्या पायात बूट कोण चढवतं, हेही तो कधी बघत नाही.

नवरा वल्हवत तळ्याच्या मध्यावर पोचला, तेव्हा वारा सुटला. तो पाण्यात पाठीवर पडला, दिसेनासा झाला. वल्हं वाहून गेलं. फळीही गेली असती, पण दोरीमुळे ती त्याच्यापाशीच राहिली. तिच्यावर पालथा पडून, हातांनी पाणी मारत तो काठाला लागला, तेव्हा ओठ निळे पडले होते.

"दोरी कोणी बांधली?" त्याने रडत विचारलं. जिने बांधली तिला तो आता पाय धरून कामावर ठेवून घेईल, हे मला स्वच्छ कळलं.

"मी," मी म्हणाले.

नणंद दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने भावाच्या पायाचा पट्टा सोडला, दोरी गुंडाळून खुंटीला टांगली, सामानखोलीच्या किल्ल्या माझ्यापुढे टाकल्या.

"मग उद्यापासून तूच बांध," ती म्हणाली आणि चालती झाली.