भिंतीवरची टकटक

अर्थसंकल्पाआधी सरकारला सूचना द्यायला आम्ही काही इंजिनिअर सचिवांच्या दालनात बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या कुलकर्णींनी सवयीनं पाठीमागच्या भिंतीवर बोटानं टकटक केली. कुठंही गेलो तरी आम्ही हे करतोच; सुटलेला गिलावा पोकळ वाजतो.

“कोण आहे? आत या,” सचिव दाराकडे बघत म्हणाले.

सगळे हसले. भिंत पोकळ वाजली होती, ते फक्त आम्हाला कळलं.

मग मागण्या सुरू झाल्या. नवे पूल, नवे बोगदे, त्यातून तरुण इंजिनिअरांना कामं. जुन्या पुलांच्या दुरुस्तीचं मी काढलं, तर कुलकर्णीच कुजबुजले, “राहू द्या हो. दुरुस्तीची फीत कोण कापतंय?” विषय तिथंच मिटला.

मला मात्र चैन पडेना. टकटक ऐकून ऐकून आमचे कान तयार झाले, आणि ऐकलेलं सांगायच्या वेळी आम्ही नवंच मागत बसलो!

परतताना गाडी खाडीवरच्या जुन्या पुलावर आली. प्रत्येक सांध्यावर चाक आदळत होतं, दार ठोठावल्यासारखं. शेजारी कुलकर्णी खिडकीबाहेर बघत होते. ‘आत या’ असं कुणीच म्हणालं नाही.