पाहुण्यांसाठी काढलेला धूर

हसायचं तर हसा, पण आधी कप खाली ठेवा. माझ्यासारखी फजिती उभ्या हिंगोलीत कोणी करून घेतली नसंल!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कापसाच्या जिनात मी बॉयलरवर आगवाला होतो. घर चिमणीच्या बुडाशीच. हट्टा गावचे पाहुणे आमच्या शेवंताला पाहायला येणार होते. आधीची स्थळं हुकलेली, म्हणून बायको देव पाण्यात ठेवून बसलेली.

मला वाटलं, दिसू द्या पाहुण्यांना, पोरीचा बाप केवढं यंत्र चालवतो! मालकानं आणलेला स्वस्तातला गंधकाचा कोळसा फावड्यानं सारत राहिलो. धूर काय निघाला म्हणता! पण सकाळचं धुकं इतकं दाट, की धूर वर जाईचना. सगळा आमच्या अंगणात उतरला.

शेवंता चहा घेऊन आली अन् ठसकली. मागून बायको ठसकली. मग सगळं घरच खोकू लागलं. पोराचा बाप तोंडाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "घरात क्षय हाय व्हय?"

"न्हाई हो! गंधकाचा धूर धुक्यात मुरला की त्याचं जाळणारं तेजाब होतं. तेच बारीक बारीक हवेत तरंगून राहिलं. आजार न्हाई, तेजाब हाय!"

आता सांगा, पोरीचा बाप असं बोलतो का?

"रोज असतंय?"

"रोज! कापूस असंस्तोवर!" मी छाती काढून.

"अन् हे लेकरू रोज तेच पिऊन राहिलं?"

पाहुणे उठलेच. शेवंता चुलीपाशी बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं औंढ्याचं स्थळ आलं. आता मी शहाणा! "नळी गळून राहिली," अशी मालकाला थाप मारली अन् आदल्या दिवशीच बॉयलर थंड केला. अंगणात ना वास, ना काजळी. शेवंता आली, बसली, नीट बोलली. एक ठसका न्हाई!

पोराचा बाप खूश. "पोरगी पसंत हाय. बोला, कवाची तारीख धरायची?"

मी बोलायला तोंड उघडलं अन् खोकला सुटला. सुटला तो सुटलाच! बायकोनं पाणी दिलं, शेवंतानं पाठ चोळली, तरी थांबंना. पाहुणे एकमेकांकडं पाहू लागले.

"धुरानं... धुरानं हो," मी कसाबसा म्हणालो.

"कोणता धूर?" पाहुण्यानं चपला शोधत विचारलं.

वर पाहिलं, तर आभाळ लख्ख. मीच करून ठेवलेलं!