सासऱ्यांसमोर शांतीचा खेळ

मला कुणी विचारले की तुम्ही बायकांना काय शिकवत होतात, तर मी सांगते, खेळायला शिकवत होते. समोरचा माणूस हसतो. मग मी म्हणते, तुम्ही चिखलात शेवटचा हात कधी घातला होता? तिथे त्याचे हसू थांबते आणि माझे सुरू होते.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षे. मी गुजरातेत राहून बालशिक्षणाचा वर्ग पुरा करून आले होते. वडील नंदुरबारला मास्तर. त्यांना वाटले, पोरीची हौस फिटली, आता ती घरी बसेल. पोरगी बैलगाडीत दट्टापेटी घालून तापीकाठच्या गावांना निघाली. दट्टापेटी म्हणजे भोकांचा लाकडी ठोकळा आणि त्या भोकांत बरोबर बसणारे लहानमोठे लाकडी दट्टे. मुलांनी ते काढायचे, हातांनी चाचपायचे आणि ज्याचे त्याच्या घरात बसवायचे. गाडीवान वाटेत विचारत होता, "ताई, हाई वजन कसानं शे?" मी म्हटले, शिक्षणाचे. तो बैलांना म्हणाला, "चाला रे, शिक्षण जड शे!"

काही भल्या मंडळींनी ठरवले होते की मोठ्या गावांत बालमंदिरे काढायची. माझे काम एवढेच, की गावातल्या चारपाच बायका गोळा करायच्या आणि डोळे, कान, नाक, जीभ, कातडी यांनी मूल जग कसे ओळखते ते त्यांना शिकवायचे. मग त्यांच्यातली एक निवडायची, तिच्या हाती बालमंदिर सोपवायचे आणि आपण पुढच्या गावाला चालू लागायचे. आमच्या वर्गात याला इंद्रियशिक्षण म्हणत. गावात मी याला नुसता खेळ म्हणे. मोठ्या शब्दांना बायका घाबरतात असे नाही, पण त्यांचे नवरे घाबरतात.

ज्या गावाची गोष्ट सांगते आहे तिथे पाटलांनी आपल्या घराची लांब पडवी आम्हाला दिली होती. एरवी तिथे कापूस भरत. पाटलांना सगळे गाव आबा म्हणे. भारदस्त माणूस, भरघोस मिशा, बोलणे तोडून टाकल्यासारखे. पडवी दिली ती साडेतीन वर्षांच्या नातीच्या हट्टापायी, माझ्याकडे बघून नव्हे. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.

शिकायला आल्या पाटलांची थोरली सून, म्हणजे त्या नातीची आई, दोन शेतकरणी आणि मारवाडातून आलेल्या दुकानदाराची बायको, शेठाणी. या शेठाणीने पहिल्या दिवशी कालवलेली माती दोन बोटांत अशी उचलली की जणू ती पाल होती. थोड्याच दिवसांत बाई कोपरापर्यंत मातीत आणि वर मलाच सांगायला लागली, पाणी कमी घाला.

धान्याचा प्रसंग मात्र मला महागात पडला. गुजरातेत आम्ही परातीत ज्वारी, गहू, मूग मिसळून मुलांना बोटांनी निवडायला देत असू. मी इथे मुलांपुढे परात मांडली तर चौघीही मागे सरकल्या. एक शेतकरीण म्हणाली, "दाणास्ना खेय करतस का ताई? लक्ष्मी शे ती." मी पुस्तकातले बोलायला लागले तशी थोरली उठली आणि परात उचलून आत ठेवून आली. येताना ओटीत चिंचोके, सागरगोटे आणि नदीतले गुळगुळीत खडे घेऊन आली. मला राग आला होता, पण मुलांनी त्या खड्यांवर झडप घातली तेव्हा राग कुणावर काढायचा ते कळेना.

या थोरलीबद्दल सांगायला हवे. मी आजवर शिकवलेल्या बायकांत तिच्याइतकी पोरांत रमणारी दुसरी मला भेटली नाही. ती पोरांशी बोलायची तेव्हा रडके पोरसुद्धा ऐकायला थांबे. खणखणीत हसायची. गोणपाट, खादी, घोंगडी आणि खणाचे तुकडे जोडीजोडीने हातात देऊन "सांग, याचा भाऊ कोणता?" असे विचारायची ती तिचीच युक्ती होती. आणि पडवीबाहेर आबांच्या जोड्यांचा करकर आवाज आला की ही बाई पदर हनुवटीपर्यंत ओढून खांबाला पाठ लावून उभी राहायची, वाक्य अर्धेच सोडून.

त्या घरांत सून सासऱ्याशी बोलत नसे. तोंड दाखवत नसे आणि आवाजही ऐकवत नसे. निरोप द्यायचा तो मुलामार्फत. सासरा समोर बसलेला असला तरी आई लेकीच्या कानात सांगणार, "आबाले सांग, पान वाढेल शे," आणि लेक ते तीन हातांवरून ओरडून सांगणार. लेक बोलायला लागायच्या आधी काय करत होतीस, असे मी तिला विचारले. म्हणाली, दाराची कडी वाजवायची. लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती आणि आबांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. मी डोक्याला हात लावला. बालमंदिर हिच्या हाती द्यायचे हे मी मनात पक्के केले होते, आणि जागा तर सासऱ्याची.

मी आबांकडे विषय काढून पाहिला होता. ते म्हणाले, "मन्ही सून गावना पोरेसनं नाक पुसी का?" मी म्हटले, पुसतेच आहे. त्यावर त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि बैलांकडे गेले. नकारही नाही, होकारही नाही. थोरलीला मी हे सांगितले तेव्हा ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "ताई, हाई सोडीसन मी फक्त चुल्हा देखेल शे." बस, एवढेच. तेव्हापासून मला रात्री नीट झोप लागेना, आणि मी झोपेची पक्की आहे.

अशात मिरचीचा घोटाळा झाला.

मुलांचे डोळे बांधून हाताने वस्तू ओळखायचा खेळ होता. पट्ट्या कमी पडल्या म्हणून थोरलीने घरातले एक जुने मऊ धोतर फाडून आणले. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले. पण हंगाम मिरचीचा. आमच्याकडे त्या दिवसांत अंगणात, छपरावर, वाटेवर जिकडे बघाल तिकडे लाल मिरची पसरलेली असते, आणि घरातले प्रत्येक फडके कधी ना कधी मिरचीखाली अंथरलेले असते. धुण्याने रंग जातो, तिखट जात नाही. पट्ट्या बांधल्या मात्र, एका क्षणात पडवीत असा आकांत उसळला की रस्त्यावरचे लोक धावले. शेठाणी ताक घेऊन धावली, मी पाणी घेऊन, शेतकरणी तूप घेऊन. ज्याच्या डोळ्यात जे जाईल ते गेले. सगळ्यांत मोठा गळा होता आबांच्या नातीचा.

संध्याकाळी आबा पडवीच्या पायरीशी उभे राहिले. "पोरना डोया लाल कसा हुयनात?"

मी मिरचीचे सांगितले. कुणी फडके आणले ते सांगितले नाही. पण नात कशाला होती? तिने मोठ्याने सांगितले, "मायनी आनं!" थोरली खांबाशी पदरात.

आबा म्हणाले, "सकाय मी सोता ईसन देखसू. काय शिकाडतस ते." आमच्याकडे सकाय म्हणजे उद्या. त्यांच्या आवाजावरून मला कळले की उद्या पडवी जाणार, आणि पडवीबरोबर थोरलीही परत चुलीपाशी जाणार.

आबा गेल्यावर मी तिला म्हटले, उद्या मी वर्ग घेते, तू मागे बस. ती म्हणाली, नाही. तुम्ही जाणार आहात, वर्ग मला चालवायचा आहे, तर उद्याही मीच घेईन. मी म्हटले, बाई, तोंड उघडणार कसे? गाणे म्हणणार कसे? ती म्हणाली, "ताई, तो गप बसाना खेय."

आमच्या वर्गात त्याला शांतीचा खेळ म्हणत. मुलांनी डोळे मिटून गप्प बसायचे. आधी बाहेरचे आवाज ऐकायचे, मग स्वतःचा श्वास. बाई लांब कोपऱ्यात जाऊन एकेकाचे नाव अगदी हळू, कुजबुजत घेणार. ज्याचे नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून तिच्यापाशी जायचे. मुलांच्या कानांना याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. पण मी हा खेळ नव्या बाईच्या हाती कधी देत नसे, कारण साधलेला गप्पपणा एका शिंकेत मोडतो. तिला मी तो दिला. दुसरे काही सुचतही नव्हते, खोटे कशाला बोलू.

सकाळी आबा काठी टेकत आले, जोडे पायरीशी काढले आणि सरळ मुलांच्या घोळक्यात मागे मांडी घालून बसले. मी त्यांना खाट घातली होती, ती रिकामीच राहिली. थोरली हनुवटीपर्यंत पदर ओढून पलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी. मी मुलांना म्हटले, डोळे मिटा, आणि नाव येईपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. तेवढेच मी बोलले.

आधी खुसखुस झाली. मग हळूहळू पडवी निवत गेली. बैलांच्या रवंथाचा आवाज येऊ लागला. लांब कुठेतरी रहाटाची कुरकुर. एका पोराने नाक ओढले, मी जीव मुठीत धरला, पण शांतता मोडली नाही. आणि त्या कोपऱ्यातून पदराआडून पहिले नाव आले. इतके हळू की मलाच शंका आली. पण ते पोर उठले, बोटांवर चालत गेले आणि तिच्या लुगड्याला चिकटून उभे राहिले. मग दुसरे नाव. मग तिसरे. प्रत्येक नाव ती जरा वेगळे घेत होती, जसे ज्या त्या घरात घेत असतील तसे. पोरे एकामागून एक मांजरासारखी निघून गेली. शेवटी तिची लेक गेली.

मला हायसे वाटले. मी म्हणणार होते, झाले, उघडा डोळे. तेवढ्यात शेठाणीने माझा हात दाबला.

रिकाम्या पडवीच्या मधोमध आबा बसले होते. डोळे घट्ट मिटलेले, तळवे गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. नियम सांगितला होता तसे. ते त्यांच्या नावाची वाट बघत होते.

थोरलीने वळून पाहिले. मी सांगते, आयुष्यात मी एवढी घाबरले नव्हते. सासऱ्याचे नाव तर घेणे नाहीच. हाक मारायचीही नाही. लेक जवळ उभी होती, तिच्या कानात सांगितले असते तर रीत राहिली असती. कडी हाताशी होती. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पण वाकली नाही. पोरे टक लावून तिच्याकडे बघत होती, कारण खेळात कुणी राहून गेलेले पोरांना चालत नाही.

मग पदराआडून आले, "आबा... या."

आबांच्या मिशा हलल्या. ते उठले. काठी जमिनीवर ठेवून दिली आणि एवढा मोठा माणूस, गुडघे दुखणारा, अनवाणी, चवड्यांवर, पाय न वाजवता पडवी ओलांडून गेला. पोरांच्या शेजारी उभा राहिला. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"इतला उशीर का करा व बेटा, माले बलावाले?"

शेठाणी उघड रडत होती. मला वाटले, आता थोरली लेकीच्या कानाला लागणार. पण तिने पदर होता तसाच ठेवला आणि पोरांशी बोलायची त्या खणखणीत आवाजात सासऱ्यांना उत्तर दिले.

"सकाय पहिले तुम्हलेच बलावसू, आबा."

आबांनी मान डोलावली आणि काठी घ्यायला परत वळले.